तांब्याचं स्टेडियम

आमच्या मुलाच्या वर्गात त्या वर्षी झुंजीच्या भोवऱ्यांचं वेड आलं होतं. आम्ही लहानपणी दोरी गुंडाळून फिरवायचो तसले लाकडी भोवरे हे नव्हेत. एका प्लास्टिकच्या मुठीत भोवरा अडकवायचा, तिच्यातली दातेरी पट्टी खसकन ओढायची, की भोवरा गरगरत खाली सुटतो. दोघांनी आपापले भोवरे एका पसरट, खोलगट भांड्यात सोडायचे. उतारामुळे ते मध्ये येतात, एकमेकांवर आदळतात, आणि ज्याचा भोवरा शेवटपर्यंत फिरत राहतो तो जिंकतो. त्या भांड्याला मुलं स्टेडियम म्हणतात.

मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. विकत आणलेलं प्लास्टिकचं स्टेडियम त्याच्याच पायाखाली येऊन फुटलं. तो रडायला लागला तेव्हा मी म्हणालो, "दुसरं आणायचं नाही, आपण घरी बनवू." माझं सगळं लहानपण घरी बनवलेल्या खेळण्यांवर गेलं होतं, त्यामुळे मला ते फार सोपं वाटलं.

आधी कणकेची परात घेतली. तिचा तळ सपाट, त्यामुळे दोन्ही भोवरे रुसलेल्या जावांसारखे दोन कडांना फिरत राहिले. मग कढई. ती इतकी खोल की भोवरे तळाशी जाऊन एकमेकांना चिकटून थांबले. मग मी कागद भिजवून लगदा केला, उताराचं चित्र काढलं, मापं घेतली आणि दोन रविवार खपून एक ताट तयार केलं. ते वाळल्यावर पापडासारखं वाकलं.

"पापा, आप रहने दो," मुलगा म्हणाला. तो चंदीगडमध्येच वाढला. मराठी त्याला कळते, पण उत्तर हिंदीतच येतं.

हा सगळा खटाटोप माझे वडील गॅलरीतल्या खुर्चीवर बसून बघत होते.

आई गेल्यावर त्याच वर्षी मी बाबांना कायमचं चंदीगडला आणलं होतं. आमचं गाव परभणीकडचं, तालुक्याचं. बाबा तिथे तांब्या-पितळेची भांडी घडवायचे. घंगाळं, हंडे, बंब. पुढे लोक स्टीलकडे वळले तेव्हा डागडुजी आणि कल्हई. त्या कामावर त्यांनी मला शिकवलं. आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला मी पहिला. मी बी.फार्म. झालो त्या दिवशी बाबांनी दुकान बंद ठेवलं होतं. मला आठवतं तेव्हापासून ते एकदाच, एरवी कुणाच्या मयतीलाच बंद राहायचं. आयुष्यभर कानाशी हातोडा चालल्यामुळे त्यांचे कान हळूहळू गेले. मी शिकत असताना ते बहिरे होत होते, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून नोकरी लागली तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं, की एक दिवस बाबांना या सगळ्यातून सोडवायचं. त्यांना न्यायला गेलो तेव्हा दुकानातली हत्यारं एका पोत्यात बांधून मी शेजारच्या दुकानात ठेवायला दिली. "आता तुम्ही कशालाही हात लावायचा नाही," त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. ते हसले होते. ते हसू मला समाधानाचं वाटलं.

चंदीगडला आम्ही एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालकीणबाई; नवरा वारलेला, मुलं परदेशात. आम्ही त्यांना आंटीजी म्हणतो. मी डेराबस्सीला एका औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. आलेला माल बघायचा, मोजायचा आणि मापात बसत नसेल तर नाकारायचा, हे माझं काम. सकाळी बसने जायचो, संध्याकाळी यायचो. बाबा सकाळी त्या खुर्चीवर असायचे आणि संध्याकाळीही. बायको त्यांना चहा द्यायची, औषध द्यायची, मऊ भात करायची. त्यांनी एकदा स्वतःचा पेला विसळला तर ती धावत जाऊन म्हणाली, "मामंजी, राहू द्या हो, मी आहे ना!" आम्ही दोघंही त्यांना तळहातावर झेलत होतो.

पण ते खाणं कमी करत चालले होते. बोलणं तर नव्हतंच. नातवाला त्यांची मराठी भराभर समजत नव्हती, त्यांना नातवाची हिंदी ऐकू येत नव्हती. दोघं एका खोलीत बसून दोन दिशांना बघायचे. बायको एकदा मला म्हणाली, "मामंजींचं इथं मन लागलं नाही ना, तर ते जातील बघा. आणि गावाकडं एकटे राहिले तर..." मलाही तीच धास्ती होती. त्यांनी इथे राहावं, एवढंच मला हवं होतं.

ते वाकलेलं ताट मी केराच्या टोपलीत टाकत होतो तेव्हा खुर्चीवरून आवाज आला.

"काय करायलास?"

मी हातवारे करून सांगितलं. भोवरे, उतार, झुंज.

"तुला नाही जमायचं ते. तांब्याचा पत्रा आण एक. दीड हाताचा."

"बाबा, तुम्ही कशाला..."

"आण म्हणलं ना."

इतक्या महिन्यांत त्यांनी काही मागितलेलं नव्हतं. मी आणला. पत्रा समोर ठेवल्यावर ते आत गेले आणि त्यांच्या पेटीतून, धोतरांच्या घडीतून, एक लहान हातोडी काढून घेऊन आले. मी पोतं बांधलं तेव्हा ती त्यांनी बाजूला काढून ठेवली होती. मला थोडं अपराध्यासारखं वाटलं आणि थोडा रागही आला.

थंडीचे दिवस होते. चंदीगडला धुकं फाटलं की सगळं घर ऊन खायला गच्चीवर जातं. बाबांनी गच्चीच्या कोपऱ्यात बस्तान मांडलं. पोत्यात वाळू भरून त्याची बैठक केली. मागच्या गल्लीत तुतीच्या झाडांची छाटणी झाली होती, तिथून एक जाड फांदी उचलून आणली आणि दोन दिवस तासून तिची मोगरी केली. काटक्या पेटवून तांबं तापवलं, मऊ केलं आणि वाळूवर ठेवून मोगरीने ठोकत ठोकत पत्र्याला खोलगटपणा आणला.

मुलाला शाळेला नाताळची सुट्टी होती. मी कामावर असायचो, त्यामुळे यातलं बरंच मला बायकोकडून कळलं. पहिल्या दिवशी तो लांब उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्याचा हात धरून पत्र्याच्या कडेवर ठेवला आणि ठोका मारला. तो हात झटकून हसला आणि पुन्हा ठेवला. मग तो त्यांचा मदतनीसच झाला. पत्रा फिरवायचं काम त्याचं.

एका शनिवारी मला अर्धी सुट्टी मिळाली, तेव्हा जिन्यातच मी त्यांचं बोलणं ऐकलं.

"फिरव. आरं फिरव की!"

"घुमा तो रहा हूँ, दादू!"

"थांब थांब. अन्‌ ह्ये काय? नाक पूस आधी."

"दादू, आप ने बनियान उल्टी पहनी है."

"हाव हाव, लई छान झालंय," बाबा म्हणाले.

मुलगा खो खो हसत सुटला. त्याला हसताना बघून बाबाही हसायला लागले. मी जिन्यातच उभा राहिलो. वर गेलो असतो तर ते थांबले असते.

त्या दिवसांत बाबा दोन भाकऱ्या खायचे. झोपही लागायची. मी बायकोला म्हणालो, "राहतील आता."

एका सुट्टीच्या शनिवारी आंटीजी वर आल्या. ठोकाठोकीबद्दल बोलणार म्हणून मी आधीच माफी मागायला तयार होतो. पण त्यांच्या हातात पदराखाली एक चेपलेलं पितळी पातेलं होतं. "बेटा जी, तुम्हारे पापा जी तो कारीगर निकले! ये मेरी शादी का पतीला है. कब से पिचका पड़ा है. इनसे कहो न, ज़रा देख लें."

बाबांनी ते पातेलं बघताच हात पुढे केला. उलटं करून बुडाला अंगठा फिरवला आणि बोटांनी आंटीजींना खूण केली, दोन दिवस. आंटीजी खूश होऊन खाली गेल्या, येताना तिळाची गजक घेऊन आल्या, आणि बाबांशेजारी उन्हात बसून पंजाबीत कितीतरी वेळ काहीतरी सांगत राहिल्या. बाबांना त्यातला शब्दही ऐकू येत नसणार. ते मान डोलावत होते.

मला मात्र ते पातेलं बघून कसंतरी झालं. माझ्या डोळ्यांपुढे आमचं दुकान आलं. दारात उभं राहून "कधी देतोस रे?" असं विचारणारी गिऱ्हाइकं, आणि वयाने लहान असूनही बाबांना एकेरी हाक मारणारी. एवढं शिकून, एवढ्या लांब येऊन, माझा बाप पुन्हा दुसऱ्याच्या घरचं भांडं ठोकतोय. उद्या शेजारीपाजारी म्हणतील, मुलाने म्हाताऱ्याला कामाला लावलंय. मी रात्रभर तोच विचार केला.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा चहाला घरात होते तेव्हा मी गच्चीवरून ते पातेलं उचललं आणि खाली आंटीजींना परत नेऊन दिलं. शक्य तेवढ्या नम्रपणे म्हणालो, "आंटीजी, पिताजी अब काम नहीं करते. बहुत कर लिया उन्होंने."

"काम कहाँ, बेटा? मैंने तो यूँ ही..." त्या गोंधळल्या. मग पातेलं घेऊन म्हणाल्या, "चलो, कोई बात नहीं."

वर आलो तर बाबा गॅलरीच्या कठड्याशी उभे होते. काय बोलणं झालं ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. पातेलं खाली जाताना मात्र त्यांनी पाहिलं होतं. ते वळून गच्चीवर गेले.

त्याच दुपारी स्टेडियम घासूनपुसून पुरं झालं म्हणून मुलाने मला हाताला धरून गच्चीवर नेलं. बाबांनी ते फडक्याने पुसून माझ्यापुढे ठेवलं. उन्हात इतकं चमकत होतं की डोळे बारीक करावे लागले. आतून काठापासून मध्यापर्यंत त्यांनी ते मठारलं होतं. म्हणजे लहान हातोडीने जवळ जवळ, ओळीने, टिकलीएवढे ठोके दिलेले. आमच्याकडे तांब्याचं प्रत्येक भांडं तसंच घडतं. त्याने पत्र्याला ताकद येते, आणि बघणाऱ्याला कळतं की हे हाताने केलेलं आहे.

मी भोवरे सोडले. ते उतारावरून खाली आले, ठोक्यांवर अडखळले आणि टणटण उड्या मारायला लागले. एक तर काठावरून बाहेरच उडाला. मी पुन्हा सोडले. पुन्हा तेच. मी ठोक्यांवर अंगठा फिरवला, कारखान्यात फिरवतो तसा, आणि बाबांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने ओरडलो, "बाबा, हे चालणार नाही! आतून गुळगुळीत पाहिजे!"

"मठारल्याबिगर भांडं देऊ नये," बाबा म्हणाले.

"हे भांडं नाही ना! भोवरे उडतायत, बघा!"

बाबांनी आत हात फिरवला. "मग ठोकून सपाट करून देतो. चार दिवस लागतील."

"राहू द्या! कशाला त्रास? इंडस्ट्रियल एरियात मशीनवर पत्रा फिरवून करून देतात! एका तासाचं काम!"

"एका तासाचं?"

"हो!"

त्यांनी मान हलवली, जसं काही मी त्यांना एखादी उपयोगाची माहिती दिली होती. मुलगा आमच्या दोघांकडे बघत होता. मला आता आठवतं की तो एक-दोनदा "पापा, पापा" म्हणाला होता. मी ओरडण्यात होतो.

पुढच्या आठवड्यात मी मशीनवरचं स्टेडियम घेऊन आलो. ॲल्युमिनियमचं, आरशासारखं गुळगुळीत, उतार अगदी मापात. भोवरे त्यात सुंदर फिरायचे. वाळूचं पोतं मी रिकामं केलं, मोगरी आणि तांब्याचं स्टेडियम माळ्यावर ठेवलं, गच्ची झाडून घेतली. बाबांना म्हणालो, "आता आरामात ऊन खा." ते खुर्चीवर जाऊन बसले.

चार दिवसांनी त्यांनी तिकीट काढायला सांगितलं.

"घर बंद राहिलं की वाळवी लागती," ते म्हणाले. मी म्हणालो, कुणाला तरी किल्ली देऊ. ते म्हणाले, भिंतीला ओल आली असंल. मी डॉक्टरांचं सांगितलं, थंडी संपू द्या म्हणालो. बायकोने हात जोडले. ते कशालाही चिडले नाहीत. शेवटी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू लई केलंस रे. त्यात काही कमी नाही." मी तिकीट काढलं.

अंबाल्याहून आमच्याकडे थेट गाडी जाते. मी सोबत येतो म्हणालो, ते नाही म्हणाले. मुलगा स्टेशनवर त्यांच्या कमरेला मिठी मारून उभा होता. गाडी सुटली तेव्हा ते खिडकीतून हाताने पत्रा फिरवल्यासारखी गोल खूण करत होते आणि मुलगा फलाटावरून तशीच खूण त्यांना करत होता. मला तेव्हा वाटलं, भोवऱ्याबद्दल असेल.

नव्या स्टेडियममध्ये मुलगा फारसा खेळलाच नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "इसमें मज़ा नहीं आता. दादू वाले में जंप का पॉइंट था."

"कसला पॉइंट?"

मग त्याने समजावून सांगितलं. स्टेडियम मठारून झालं त्या शुक्रवारी मी कारखान्यात होतो, तेव्हा ते दोघं दिवसभर त्यात खेळले होते. भोवरा ठोक्यावरून उडून समोरच्याच्या भोवऱ्यावर पडला तर दोन पॉइंट, आणि बाहेर उडाला तर ज्याचा त्याने झेलायचा. बाबांनी एक झेललाही होता. पहिला भोवरा उडाला तेव्हा ते मांडीवर थाप मारून हसले होते, असं तो म्हणाला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस मला?"

"आप दादू को डाँट रहे थे ना."

"रागावत नव्हतो रे. त्यांना ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलत होतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला ते पटलं नव्हतं. आणि त्याच्या बघण्याने मलाही, पहिल्यांदाच, तो माझा आवाज गच्चीवर कसा वाजला असेल ते ऐकू आलं.

मी माळ्यावरून तांब्याचं स्टेडियम काढलं. आम्ही दोघं खेळलो. त्याने मला सगळे नियम शिकवले. पण तीन-चार डावांनंतर त्याने भोवरे उचलून खिशात टाकले.

मी गावी फोन करायचो. बाबांना फोनवर काहीच ऐकू यायचं नाही. शेजारच्या दुकानातले काका फोन उचलायचे आणि सांगायचे, "बरं आहे. हत्यारं घेऊन गेला माझ्याकडची. बसतो दुकानात." मला त्यांना पुन्हा आणायचं होतं. या वेळी पोतं बरोबर घेऊन या, असं सांगायचं होतं. पण ते फोनवर ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी ठरवलं, मुलाच्या परीक्षा झाल्या की स्वतः जायचं. परीक्षा व्हायच्या आधीच काकांचा फोन आला. बाबा सकाळी उठलेच नाहीत.

दहावं झाल्यावर माणसं भेटायला येत होती. ओट्यावर सतरंजी घातली होती. काका माझ्याशेजारी बसले होते, बाबांच्याच वयाचे, सुरकुतलेले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि जमलेल्यांना म्हणाले, "ह्यो पोरगा. ह्याच्या बापानं तिकडून आल्यापासून एकच सांगितलं बघा. म्हणायचा, पोरानं मला तिथं काडी उचलू दिली नाही. राजावानी ठेवलं."

लोकांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "आजकाल कोण करतंय आई-बापाचं एवढं?"

बाबांनी ते कौतुकानेच सांगितलं असणार. टोमणा मारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मुलगा मला टेकून बसला होता. त्याने बाही ओढली. "क्या बोल रहे हैं?"

मी हळू आवाजात सांगितलं, "बोल रहे हैं कि हमने दादू को वहाँ कोई काम नहीं करने दिया."

तो ताठ बसला. एवढ्या अनोळखी माणसांत तो एरवी तोंड उघडत नाही. पण काकांकडे बघून, त्यांना कळावं म्हणून, जमेल तशा मराठीत मोठ्याने म्हणाला, "नाही. दादूने काम केला. खूप दिवस केला. मी होता तिथे."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. "लेकरू काय म्हणतंय?" काकांनी मला विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं, आणि मला सांगता येईना.